पेंढा भरलेल्या वाघांच्या जमान्यात वर्ध्यात तेलघाण्याचं म्युझियम उभं करणारा ऑडिटर

नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय लोक अजब बंगला म्हणूनच ओळखतात. १८६३ साली सुरू झालेल्या या संग्रहालयाला लोकांनी दिलेलं नाव अगदी नेमकं आहे. पेंढा भरलेले प्राणी, पक्षी, दगड, शिलालेख, आदिवासींच्या वस्तू, सगळं एका छताखाली. बघायचं, नवल करायचं आणि बाहेर पडायचं.

तिथून साधारण ७५ किलोमीटरवर वर्ध्यात १९३८ साली आणखी एक संग्रहालय उघडलं. त्यात वाघ नव्हता, राजाची तलवार नव्हती. चरखे होते, तेलाचा घाणा होता, हातकागद होता. म्हणजे वर्ध्याच्या आसपासच्या कुठल्याही गावात दिसेल तेच.

मग हे बघायला तिकडं जायचं कशाला? या प्रश्नाच्या उत्तरात एका माणसाचं अख्खं आयुष्य गेलं. त्याचं नाव जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. लंडनमध्ये शिकलेला ऑडिटर, न्यूयॉर्कमध्ये शिकलेला अर्थतज्ज्ञ आणि वर्ध्याच्या मगनवाडीचा कर्ताधर्ता.

आधी काचेमागचं राजकारण समजून घेऊ

डायोरामा म्हणजे काय, तर काचेमागे उभा केलेला देखावा. मागच्या पडद्यावर रंगवलेलं जंगल किंवा माळरान, पुढे खरी वाटणारी माती आणि त्यात पेंढा भरलेले प्राणी. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाच्या निसर्गविभागात असे देखावे पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या सहलींनी पाहिले आहेत.

आजचे अनेक चित्रकार हेच देखावे नव्यानं रंगवतात आणि त्यातून प्रश्न विचारतात. हा वाघ मारला कुणी? रंगवलेल्या जंगलात वाघ आहे, हरीण आहे, मग त्याच जंगलात राहणारा माणूस कुठं गेला? आणि तो माणूस असलाच, तर शेजारच्या दालनात मातीचा पुतळा होऊन का उभा आहे?

प्रश्न बिनबुडाचे नाहीत. इंग्रजी राजवटीत संग्रहालय हे राज्य चालवण्याचंही साधन होतं. जंगलात काय आहे, जमिनीखाली काय आहे, कुठल्या जातीचे लोक काय करतात, याची मोजदाद करायची, त्याला चिठ्ठी लावायची आणि ते मांडून ठेवायचं. मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर रसेल आणि हिरालाल यांचे ४ खंड १९१६ साली आले, तेही याच मोजदादीचा भाग होते.

यातलं सर्वांत बोलकं उदाहरण कापडाचं आहे. १८६६ साली जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी भारतातल्या कापडाचे ७०० नमुने कापून १८ खंडांत चिकटवले. त्याचे २० संच निघाले. १३ ब्रिटनमध्ये ठेवायचे ठरले आणि ७ भारतात. भारतीय माणूस काय नेसतो, ते इंग्लंडच्या गिरणीवाल्याला बसल्या जागी कळावं, हा हेतू. म्हणजे कोष्ट्याचं कापड संग्रहात गेलं आणि त्याच कापडाला टक्कर देणारं गिरणीचं कापड बाजारात आलं.

आणि हे सगळं वर्ध्यापासून लांब नव्हतं. वर्धा जिल्हा वेगळा झाला १८६२ साली. हिंगणघाटच्या कापसाचं तेव्हा मोठं नाव होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला आणि इंग्रजांचं लक्ष इथल्या काळ्या मातीकडे गेलं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कापूस आयुक्त नेमला गेला. १८६७ पर्यंत रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. कापूस गाडीत चढून मुंबईला, तिथून बोटीनं बाहेर आणि कापड होऊन परत.

याच जिल्ह्यात पुढे कुमारप्पा आले.

तंजावर, लंडन, मुंबई, न्यूयॉर्क

४ जानेवारी १८९२ ला तंजावरच्या एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात होते. घरात शिक्षण होतं, शिस्त होती आणि इंग्रजी रीतीरिवाजही होते. नाव होतं जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस.

तरुणपणी ते लंडनला गेले, हिशेब तपासनीस झाले, पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथंच काम केलं. १९१९ मध्ये परत येऊन मुंबईत बस्तान बसवलं. सूट-बूट, इंग्रजी राहणी, चांगली प्रॅक्टिस. इथंच गोष्ट संपली असती.

पण १९२७ मध्ये ते अमेरिकेला गेले. आधी सिरॅक्यूज, मग न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. तिथं एडविन सेलिग्मन हे सार्वजनिक अर्थव्यवहाराचे नावाजलेले प्राध्यापक होते. त्यांच्या हाताखाली कुमारप्पांनी एक प्रश्न हातात घेतला. भारत गरीब का आहे?

तोवर भारताच्या गरिबीचं खापर लोकांच्या आळसावर, अंधश्रद्धेवर किंवा लोकसंख्येवर फोडलं जाई. कुमारप्पांनी ऑडिटरची नजर लावली. सरकार कर कुणाकडून घेतं आणि खर्च कुणावर करतं, एवढंच तपासलं. ताळेबंद मांडल्यावर दिसलं, की गरीब शेतकऱ्याकडून गोळा झालेला पैसा लष्करावर, साहेबांच्या पगारावर आणि कर्जाच्या व्याजावर जातोय. हिशेबाच्या वह्यांनी त्यांना राष्ट्रवादी केलं, भाषणांनी नव्हे.

त्याच सुमारास त्यांनी कॉर्नेलियस मागे टाकून कुमारप्पा हे घराण्यातलं जुनं नाव घेतलं. धर्म मात्र सोडला नाही. ते शेवटपर्यंत श्रद्धावान ख्रिस्ती राहिले.

झाडाखालचा म्हातारा

हा प्रबंध छापायचा होता. कुणीतरी सुचवलं, गांधींना दाखवा. ९ मे १९२९ च्या दुपारी कुमारप्पा साबरमतीला पोचले. भेटीला वेळ होता म्हणून आश्रमात फिरत राहिले. एका झाडाखाली, शेणानं सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत कातत बसला होता. असा चरखा त्यांनी आधी पाहिला नव्हता. काठी टेकून ते बघत उभे राहिले.

थोड्या वेळानं म्हाताऱ्यानंच विचारलं, तुम्ही कुमारप्पा का? तेव्हा यांच्या डोक्यात प्रकाश पडला. अंगातल्या भारी कपड्यांची पर्वा न करता ते तिथंच जमिनीवर बसले.

गांधींनी प्रबंध यंग इंडियात छापायचं कबूल केलं आणि उलट एक काम गळ्यात घातलं. गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात मातर तालुका आहे, तिथल्या गावांची आर्थिक पाहणी करा. कुमारप्पांना गुजराती येत नव्हती. गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी सोबत घेऊन ते गावोगाव फिरले. न्यूयॉर्कमध्ये कागदावर मांडलेली गरिबी आता घराघरांत मोजली गेली.

लक्षात घ्या, इंग्रज अधिकारीही गावं मोजत होते. पण महसूल किती निघेल ते बघायला. कुमारप्पा मोजत होते ते शेतकऱ्याच्या हातात शेवटी उरतं किती, हे बघायला. मोजदाद तीच, प्रश्न उलटा.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाल्यावर यंग इंडियाची जबाबदारी त्यांच्यावर आली आणि मागोमाग तुरुंगही. १९३१ साली काँग्रेसनं एक समिती नेमली. भारताच्या माथी मारलेलं सरकारी कर्ज नक्की कुणाचं, हे तपासायला. त्या समितीचं संयोजन कुमारप्पांकडे होतं. थोडक्यात, साम्राज्याचंच ऑडिट.

१९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेबही त्यांच्याकडे आला. तेव्हाचा एक किस्सा सांगितला जातो. कार्यकर्त्यांच्या जेवणाला रोज तीन आणे ठरले होते. गांधी आपल्या मंडळींसह आले, तेव्हा कुमारप्पांनी त्यांचा खर्च मदतनिधीतून करायला साफ नकार दिला. गांधी रागावले नाहीत. असाच माणूस त्यांना हवा होता.

मगनवाडी

१९३४ च्या डिसेंबरमध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. वर्ध्याचेच श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष झाले आणि कुमारप्पा संघटक व चिटणीस. सल्लागारांच्या यादीत रवींद्रनाथ टागोर, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय आणि सी. व्ही. रामन अशी नावं होती. जागा दिली जमनालाल बजाजांनी, आपली बागच देऊन टाकली. १९२८ मध्ये वारलेल्या मगनलाल गांधींच्या नावावरून ती झाली मगनवाडी. १९३५ मध्ये गांधीही तिथंच राहत होते. १९३६ च्या एप्रिलअखेर ते शेगावला गेले, ज्याचं पुढे सेवाग्राम झालं.

मगनवाडीत काय चालायचं? झवेरभाई पटेलांनी तेलाच्या घाण्यात सुधारणा केल्या आणि तो वर्धा घाणा म्हणून देशभर गेला. के. बी. जोशींनी हातकागदाची कृती बसवली. गजानन नाईकांनी शिंदी-ताडाच्या नीरेपासून गूळ करायचं शास्त्र पक्कं केलं. मधमाश्या पाळल्या जात. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, साखरेऐवजी गूळ, यांचा प्रचार चाले. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप निघाला.

आज घाण्याचं तेल आणि हातसडीचा तांदूळ महागड्या दुकानात मिळतो. तेव्हा हाच माल मागासलेला समजला जाई. कुमारप्पांचं म्हणणं सरळ होतं. गिरणीत तांदळाची साल आणि कोंडा जातो, खाणाऱ्याचं पोषण जातं आणि कांडणाऱ्या बाईची मजुरीही जाते. एका पॉलिशमागे इतकं नुकसान.

म्युझियम उलटं केलं

याच वर्षांत गांधी आणि त्यांचे सोबती प्रदर्शन या गोष्टीचा वेगळा विचार करत होते. १९३६ च्या लखनौ अधिवेशनाला नंदलाल बोस प्रदर्शनासाठी आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन भरलं. त्याची सजावट नंदलालांनी बांबू-चटयांसारख्या गावच्या सामानातून केली. १९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुऱ्याला तर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ४०० चित्रफलक लावले. ढोल वाजवणारा, सुतार, कुंभार, कामात गुंतलेल्या बाया. तीच माणसं, जी सरकारी संग्रहालयात मातीचे पुतळे होऊन उभी असायची. इथं ती उघड्यावर, काचेशिवाय, हात चालवत होती. आणि बघायला आलेला शेतकरी स्वतःलाच बघत होता.

३० डिसेंबर १९३८ ला वर्ध्यात मगन संग्रहालयाचं उद्‌घाटन गांधींच्या हस्ते झालं. खादी आणि ग्रामोद्योग, दोन्हींची अवजारं आणि वस्तू तिथं मांडल्या होत्या. गांधींची अपेक्षा होती, की लोकांनी इथं नवल बघायला येऊ नये, शिकायला यावं.

फरक कुठं होता? अजब बंगल्यात वस्तू आपल्या जागेवरून उचललेली असते. वाघ जंगलातून, मूर्ती देवळातून, कापड अंगावरून. ती आता वापरायची नसते, फक्त बघायची असते. मगन संग्रहालयात मांडलेला घाणा त्याच आवारात फिरत होता. चरख्यावर सूत निघत होतं. पाहणारा गावकरी घरी जाऊन तेच करून बघू शकत होता. तिथं कारागीर हा नमुना नव्हता, माहितगार होता.

वाघ, माकड आणि मधमाशी

१९४२ च्या आंदोलनानंतरच्या काळात कुमारप्पा पुन्हा तुरुंगात गेले. युद्धासाठी सरकार नोटा छापून शेतकऱ्याकडचा माल उचलतंय, बदल्यात त्याच्या हातात फक्त कागद येतोय, असं त्यांनी लिहिलं होतं. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स हे त्यांचं सर्वांत महत्त्वाचं पुस्तक लिहिलं. १९४५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. शाश्वत विकास हा शब्द आज सगळीकडे ऐकू येतो, तो रूढ व्हायच्या कितीतरी आधी.

या पुस्तकात प्राणी आहेत, पण पेंढा भरलेले नाहीत. कुमारप्पांनी अर्थव्यवस्थेच्या पाच पायऱ्या निसर्गातूनच समजावल्या. वाघ दुसऱ्याचा जीव घेऊन जगतो. माकड जीव घेत नाही, पण बागेला काही न देता फळं ओरबाडतं. पक्षी स्वतः राबून घरटं बांधतो. मधमाशी पोळ्यातल्या सगळ्यांसाठी राबते. आणि पिलांना भरवणारी पक्षीण परतफेडीची अपेक्षाच ठेवत नाही. माणसाच्या अर्थव्यवहारातही याच पाच पायऱ्या आहेत आणि खालून वर चढत जाणं म्हणजे प्रगती, असं त्यांनी मांडलं.

संग्रहालयातला वाघ शिकाऱ्याचा पराक्रम सांगायचा. कुमारप्पांच्या पुस्तकातला वाघ विचारायचा, तुमचा व्यापार कुणाच्या जिवावर चाललाय?

दुसरा मुद्दा साठ्याचा. कोळसा, पेट्रोल, खनिजं ही टाकीतल्या पाण्यासारखी, वापरली की संपणार. जंगल, शेती, जनावरं, माणसाचे हात हे वाहत्या झऱ्यासारखे, नीट जपले तर चालत राहणार. टाकीवर उभी राहिलेली अर्थव्यवस्था टाकी आटली की भांडणार, युद्धं करणार. हे त्यांनी ८० वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

बंडी, टायर आणि नेहरू

कुमारप्पांची लढाई फक्त इंग्रजांशी नव्हती. १९३८ मध्ये सुभाषबाबूंनी राष्ट्रीय नियोजन समिती नेमली, अध्यक्ष नेहरू. कुमारप्पा ग्रामोद्योग संघाचे प्रतिनिधी म्हणून गेले. मोठ्या उद्योगांपुढे गावाचा विचार दुय्यम होतोय हे दिसल्यावर काही महिन्यांत बाहेर पडले. १९३९ मध्ये त्यांनी मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारसाठी ६०६ गावांची पाहणी करून अहवाल दिला. आजच्या विदर्भाच्या गावांची ती तेव्हाची नोंद आहे.

त्यांचं डोकं कसं चाले ते बैलबंडीच्या वादातून कळतं. बंडीच्या लोखंडी धावेनं डांबरी रस्ते खराब होतात म्हणून बंड्यांना रबरी टायर लावा, असा आग्रह होता. ऐकायला आधुनिक, बैलालाही सोपं. कुमारप्पांनी हिशेब मांडला. लाकडी चाक गावचा वाढई आणि लोहार बनवतो, पैसा गावात फिरतो. टायर आला की दोघं बेकार आणि पैसा कंपनीकडे. शिवाय रस्ता कराच्या पैशातून झालाय, बहुतेक कर देणारा बंडीवालाच. मग मोटारीसाठी बंडीनं का बदलायचं? बंडीला सोसेल असा रस्ता करा.

हा हट्टीपणा होता का? काही अंशी होताच. बैलाचे कष्ट कमी होत असतील, तर तो फायदा हिशेबात धरावाच लागतो. गावातला कारागीर जातीनं बांधलेला असतो, त्याच्या मुलाला घाण्यापासून सुटका हवी असू शकते, हा प्रश्नही कुमारप्पांच्या मांडणीला पुरता पेलत नाही. डॉ. आंबेडकरांनी खेड्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती इथं आठवायलाच हवी. पण कुठल्याही सुधारणेचा खर्च कोण भरतं आणि नफा कुणाकडे जातो, हा कुमारप्पांचा प्रश्न आजही खोडता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले. १९४९ च्या अहवालात जमिनीवरचे मध्यस्थ हटवा, कसणाऱ्याला हक्क द्या, असं स्पष्ट सांगितलं होतं. देश मात्र धरणं आणि पोलाद कारखान्यांच्या वाटेनं निघाला. कुमारप्पांनी मगनवाडी सोडली आणि वर्धा जिल्ह्यातच सेलडोहला पण्णै आश्रम काढला. पण्णै म्हणजे तमिळमध्ये शेत. पुढे तब्येत ढासळली, रक्तदाब जुनाच होता. शेवटची वर्षं त्यांनी मदुराईजवळच्या कल्लुपट्टीच्या गांधीनिकेतन आश्रमात काढली. लग्न केलं नाही, मालमत्ता जमवली नाही.

मद्रासमध्ये त्यांचं निधन झालं ते ३० जानेवारी १९६० ला. गांधी गेले तीच तारीख, १२ वर्षांनी.

कल्लुपट्टीच्या झोपडीतली एक गोष्ट सांगितली जाते. भिंतीवर गांधींचं चित्र होतं आणि शेजारी एका गरीब खेडुताचं. पाहुण्यानं विचारलं, हा कोण? कुमारप्पांनी सांगितलं, की गांधी माझे मालक आणि हा माझ्या मालकाचा मालक.

मगन संग्रहालय आजही वर्ध्यात आहे. मगनवाडीत पुढे जमनालाल बजाजांच्या नावानं ग्रामोद्योगांची संशोधन संस्था झाली, आज तिथं महात्मा गांधी ग्रामीण औद्योगीकरण संस्था, म्हणजे एमगिरी, काम करते. सेवाग्रामला जाणारी सहल बऱ्याचदा मगनवाडीला न थांबताच पुढे जाते. पुढच्या वेळी वर्ध्याला गेलात तर तासभर काढा. आणि परतताना नागपूरचा अजब बंगलाही बघा. दोन्हीकडे प्रत्येक वस्तूपुढे एकच गोष्ट मनात ठेवा : ही इथं आली, तेव्हा ती वापरणाऱ्याचं पुढे काय झालं?